आई-वडील सत्तरीत आले: सरकारी दवाखाना, कार्ड आणि अनुदान यांच्या वाटा

आयुष्मान कार्ड काढलं की बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट सुरू होतात, असं बऱ्याच घरांत धरून चालतात. तसं नाही. ते कार्ड उपयोगी पडतं माणूस रुग्णालयात भरती झाल्यावर. महिन्याच्या गोळ्या, रक्ततपासणी, डोळ्यांची तपासणी यांची वाट वेगळी, ती सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरने सुरू होते. आणि हातखर्चाला मिळणारं अनुदान तिसऱ्याच ठिकाणी, तहसील कचेरीत. ही तीन वेगवेगळी खाती आहेत आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. घरातल्या ज्येष्ठांची जबाबदारी नुकतीच अंगावर आली असेल, तर आधी एवढं पक्कं करून घ्या. निम्मे हेलपाटे इथेच वाचतात.

खालची माहिती महाराष्ट्रापुरती आहे. क्रम मुद्दाम असा लावला आहे, कारण पहिलं काम राहिलं तर पुढचं प्रत्येक काम अडतं.

आधी आधार कार्ड काढून बघा

कार्ड आहे की नाही हे नव्हे, त्यावर काय छापलंय ते बघा. जुन्या पिढीतल्या कित्येकांच्या कार्डावर पूर्ण जन्मतारीख नसते, नुसतं साल असतं. शिबिरात घाईघाईने नोंदणी झाली तेव्हा अंदाजाने सांगितलेलं ते साल आता वयाचा पुरावा ठरतं. आजोबा प्रत्यक्षात बहात्तर वर्षांचे आणि कार्डावर अडुसष्टचे, असं असेल तर सत्तरीनंतरची योजना त्यांना नाही. शाळेचा दाखला, जुनं निवृत्तीवेतनाचं पुस्तक, पासपोर्ट असं काही हाताशी असेल तर दुरुस्ती आताच करून घ्या.

दुसरी अडचण मोबाइल नंबरची. आईच्या आधारला जोडलेला नंबर कोणाचा? कित्येक घरांत तो मुलाचा असतो, आणि मुलगा पुण्याला नाहीतर थेट न्यू जर्सीला. ओटीपी त्याच्याकडे जातो, तिथे रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि इथे सेवा केंद्रातला माणूस म्हणतो, 'सेशन संपलं, पुन्हा करा.' त्याहून वाईट म्हणजे तो नंबर कधीच बंद पडलेला असणं. नंबर बदलून घ्यायला आधार केंद्र गाठा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी येऊन नोंद बदलण्याची सोय आहे. त्यासाठी १९४७ या क्रमांकावर चौकशी करा.

तिसरी अडचण बोटांच्या ठशांची. आयुष्यभर शेतात, भांड्याकुंड्यात, विटाभट्टीवर राबलेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही. मग आजी बिचारी पदराला बोटं पुसत राहते. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. केंद्रचालकाला तसं स्पष्ट सांगा. सगळेच आपणहून सांगत नाहीत.

आधारबरोबर रेशन कार्ड काढून ठेवा. पिवळं, केशरी, शुभ्र, कुठलंही. त्यावर ज्येष्ठांचं नाव आहे ना, आणि त्याचं स्पेलिंग आधारशी जुळतं ना, तेही बघा. गावच्या कार्डावरून नाव कमी झालं पण शहरातल्या कार्डावर चढलंच नाही, असे आई-वडील पुष्कळ आहेत. मुलाकडे राहायला आले आणि मधल्या मध्ये कागदावरून गायब झाले.

महिन्याच्या गोळ्या: घराजवळचं केंद्र

गावात असाल तर पहिली गाठ आशाताईंची. कोणत्या घरात बीपीचा रुग्ण आहे, कोणाची शुगर वाढलेली असते, हे त्यांच्या वहीत असतंच. त्यांच्यामागे उपकेंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. त्यापुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, ज्याला अजूनही सगळे 'सिव्हिल'च म्हणतात. शहरात या जागी महापालिकेचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' असतो.

रक्तदाब आणि मधुमेहासाठी थेट सिव्हिल गाठण्याची गरज नसते. जवळच्या केंद्रात तपासणी होते आणि साधारण महिनाभराच्या गोळ्या मिळतात. आधी खासगी डॉक्टरांचं औषध चालू असेल तर ती चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. सरकारी केंद्रात तीच कंपनी मिळणार नाही, तेच औषध मिळेल. 'ही गोळी पांढरी आहे, माझी गुलाबी होती' म्हणून घरी येऊन दोन्ही घेणारे आजोबा असतात, आणि रक्तदाब एकदम उतरून पडतात. जुनी पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा, कोणती बंद आणि कोणती चालू ते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि बंद केलेल्या गोळ्या घरातून काढून टाका.

केंद्रात औषध संपलेलं असेल, तर जनऔषधी केंद्रात औषधाच्या मूळ नावाने विचारा. ब्रँडच्या मानाने किंमत निम्म्याहून खाली येते.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून सिव्हिलपर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या विभागाकडे येत नाहीत. पुण्याचं ससून, मुंबईचं जेजे, नागपूरचं मेडिकल आणि मेयो हे सगळे वैद्यकीय शिक्षण विभागाचे, आणि केईएम, सायन, नायर, कूपर मुंबई महापालिकेचे. तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे दर वेगळे असतात. रक्कम बहुतेक वेळा किरकोळ असते, पण 'सरकारी म्हणजे फुकट' म्हणून रिकाम्या खिशाने गेलं की खिडकीवर वाद होतो.

मोठ्या रुग्णालयातली सकाळ

ओपीडी सकाळी लवकर गाठायची. क्रम असा: केसपेपरची खिडकी, मग ज्या विभागात पाठवतील तिथे नंबर, डॉक्टर तपासून रक्त किंवा एक्स-रे लिहून देतात, त्याचं दुसरं टोक इमारतीच्या भलत्याच बाजूला, आणि शेवटी औषधांची खिडकी. रक्त घेण्याची वेळ ठरलेली असते आणि ती ओपीडी संपण्याच्या आधीच संपते. म्हणून नवख्या माणसाची पहिली फेरी नुसती केसपेपर आणि तपासणीची, दुसरी रिपोर्टची, असंच धरून चला. एका फेरीत उरकलं तर नशीब.

सोबत एक नव्हे, शक्यतो दोघं जा. एकाने रांगेत राहायचं, दुसऱ्याने आजींजवळ बसायचं. व्हीलचेअर दारातच मागा. नंतर मागितली तर ती दुसऱ्या वॉर्डात गेलेली असते. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर डब्यात भाकरी नाहीतर दोन पोळ्या असू द्या, रक्त दिल्याबरोबर खाता येतात. सकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही, हे आदल्या वेळीच डॉक्टरांना विचारून ठेवा. उपाशी माणसाने इन्सुलिन टोचून तीन तास रांगेत उभं राहणं धोक्याचं आहे.

ज्येष्ठांची वेगळी रांग ही मेहरबानी नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यातच सरकारी रुग्णालयांत तशी रांग असावी असं म्हटलं आहे. पाटी दिसत नसेल तर विचारा. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची ओपीडी आणि १० खाटांचा कक्ष, तर ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरावीक दिवशी ज्येष्ठांचा दवाखाना अपेक्षित आहे. तो वार कोणता, हे एकदा फोन करून किंवा आशाताईंकडून कळून घेतलं की फिजिओथेरपी, गुडघेदुखी, तोल जाणं अशा तक्रारींसाठी वणवण होत नाही. मुंबईत जेजे हे याच कार्यक्रमाचं प्रादेशिक वृद्धोपचार केंद्र आहे.

मोतीबिंदू मात्र लांबवू नका. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शस्त्रक्रिया आणि लेन्स दोन्ही मोफत होतात. 'पिकू दे अजून' हा सल्ला जुना झाला. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला उलट अवघड जातो. आणि दिसत नाही म्हणून न्हाणीघरात पाय घसरला, तर खुब्याच्या हाडाचं दुखणं मागे लागतं, जे मोतीबिंदूपेक्षा कितीतरी भारी.

आठवण विसकटणं, एकाएकी गप्प राहणं, रात्रभर जागणं हे 'वयोमानाने' म्हणून सोडून देतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ ही टेलीमानसची मोफत सेवा मराठीतूनही चालते.

कार्ड: भरती व्हायच्या आधीचं काम

दोन योजना आहेत आणि दोन्हींचा कक्ष रुग्णालयात एकच असतो, म्हणून गोंधळ उडतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्याची. २०१२ मध्ये ती आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये सध्याचं नाव मिळालं. आधी ती पिवळ्या-केशरी रेशन कार्डापुरती होती. आता शुभ्र कार्डवालेही त्यात आहेत आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. यासाठी वयाची अट नाही. रेशन कार्ड आणि आधार हे मुख्य कागद.

दुसरी केंद्राची आयुष्मान भारत. तिच्यात २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला जागा आहे, उत्पन्न कितीही असो. या कार्डाचं नाव 'आयुष्मान वय वंदना'. बंगल्यात राहणारे निवृत्त प्राध्यापकही पात्र आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशीही, सत्तरी पार केली असेल तर. कागद एकच लागतो, आधार. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, वाट बघावी लागत नाही. घर आधीच आयुष्मानमध्ये असेल, तर सत्तरीपुढच्यांना त्यांचे वेगळे ५ लाख मिळतात, घरातल्या तरुणांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. आजी-आजोबा दोघं सत्तरीपुढचे असतील तर मात्र ते ५ लाख दोघांत मिळून. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. खासगी विमा असला तरी हे कार्ड घेता येतं, आणि घ्यावंच.

कार्ड मोबाइलवर आयुष्मान ॲपमधून निघतं, नाहीतर सेवा केंद्रातून किंवा योजनेतल्या रुग्णालयाच्या कक्षातून. ते मोफत आहे. 'व्हीआयपी कार्ड', 'अर्जंट कार्ड' असं म्हणत पाचशे रुपये मागणारा भेटला तर सरळ दुसरीकडे जा. माहितीसाठी १४५५५, फुले योजनेसाठी १५५३८८.

आता प्रत्यक्ष भरतीच्या वेळचं. रुग्णालयात शिरल्यावर डॉक्टरांइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे आरोग्यमित्र, योजनेचं काम बघणारा मदतनीस. त्याचा कक्ष दर्शनी भागात असतो. त्याला तीन प्रश्न विचारा, आणि बिलाच्या काउंटरवर काहीही भरण्याआधी विचारा. हे रुग्णालय योजनेत आहे का? आमच्या आजाराचा उपचार इथे योजनेतून होतो का? मंजुरीचा अर्ज कधी पाठवणार? दुसरा प्रश्न लोक विसरतात. रुग्णालयाच्या दारावर योजनेचा फलक असतो, पण तिथे फक्त हृदयाचे उपचार योजनेतून होतात आणि तुम्ही गेलात हाड मोडलं म्हणून, असं घडतं. फलक खोटा नसतो, अपुरा असतो.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी ऑनलाइन मंजुरी लागते. तातडीच्या वेळी मात्र फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची तरतूद आहे. 'आधी मंजुरी येऊ दे' म्हणून झटका आलेल्या माणसाला ताटकळत ठेवता येत नाही. उपचार योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये असतील तर औषधं, तपासण्या, इम्प्लांट हे सगळं त्यातच आलं. बाहेरून आणायला लावलं तर पावती घ्या, त्यावर रुग्णाचं नाव असू द्या, आणि त्याच दिवशी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घरी सोडल्यावर केलेल्या तक्रारीला धार राहत नाही.

नुसता सलाइनसाठी एक दिवस दाखल होणं, जनरल चेकअप, दातांची कवळी, श्रवणयंत्र यांसाठी कार्ड पुढे करू नका. चालणार नाही.

रात्री-अपरात्री

छातीत कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात लुळा पडणं: १०८. मोफत रुग्णवाहिका आहे आणि आत डॉक्टर असतो. फोनवर पत्ता सांगताना खूण सांगा, 'मारुतीच्या देवळामागे' हे पिनकोडपेक्षा लवकर कळतं. लकवा कधी सुरू झाला ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे रुग्णालयात पहिला प्रश्न वेळेचाच येतो.

जवळचं मोठं रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर अजून एक वाट आहे, आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. अशा नोंदणीकृत रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार रुपये. तिथे विचारायचं समाजसेवा अधिकाऱ्याला. स्वागतकक्षातून बहुतेक वेळा 'खाटा भरल्या' एवढंच ऐकू येतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला फायलीत असेल तर बोलणं पुढे सरकतं, म्हणून तो दरवर्षी काढून ठेवा, गरज नसताना.

अनुदान, काठी आणि एसटी

वयाच्या अटी एका रेषेत नाहीत. २००७ चा कायदा साठीला ज्येष्ठ मानतो, एसटी आणि राज्याची अनुदानं पासष्टला, आयुष्मान सत्तरला, एसटीचा मोफत प्रवास पंचाहत्तरला. यात तर्क शोधत बसू नका.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना ६५ वर्षांपुढच्या निराधारांसाठी आहे, महिन्याला १५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं लागतं. म्हणजे महिन्याला साडेसतराशे; एवढ्यात कुटुंब कसं चालतं हे ज्यांनी मर्यादा घातली त्यांनाच माहीत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राचा हिस्सा धरून तेवढीच रक्कम मिळते. पासष्टीच्या आतल्या विधवा, निराधार, दुर्धर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना. अर्ज तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेत. पैसे थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. ते एखाद्या महिन्यात थांबले तर आधी बँकेत विचारा. केवायसी अडकलेली असण्याचीच शक्यता जास्त.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३००० रुपये मिळतात, ते चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी. तेवढ्यात चांगलं श्रवणयंत्र येत नाही, हे खरं. पण कमोड खुर्ची येते, आणि ती घरातल्या सगळ्यांचीच रात्र सुधारते. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात.

एसटीत ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं; ७५ पूर्ण झाल्यावर राज्यात कुठेही मोफत, शिवनेरीतसुद्धा. मूळ आधार कार्ड जवळ असू द्या, झेरॉक्सवरून कंडक्टर वाद घालतो. महिलांना एसटीत कोणत्याही वयाला निम्मंच भाडं आहे, त्यामुळे आजींना खरा फरक पंचाहत्तरीलाच जाणवतो.

लकव्याने हात-पाय अधू झाला असेल किंवा ऐकू येणं बरंच कमी झालं असेल, तर सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ४० टक्क्यांपासून पुढे त्याचा उपयोग होतो. म्हातारपणामुळे आलेलं अपंगत्व 'धरत नाहीत' हा गैरसमज आहे.

दुखणं घरातच असेल तर

१४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. योजनेची चौकशी, वृद्धाश्रमाची माहिती, घरात होणारा छळ, एकटेपण, कशासाठीही फोन करा. रस्त्यावर सोडून दिलेले वृद्ध दिसले तरी हाच क्रमांक. एकटे राहत असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवून ठेवा आणि तातडीला ११२.

मुलं बघत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. साध्या कागदावर चालतो, वकील लागत नाही. स्वतःला जमत नसेल तर दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. निर्वाहभत्ता महिन्याला १० हजारांपर्यंत लावता येतो आणि निकाल ९० दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. मूल नसेल तर ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा जाणार आहे, त्याच्यावर ही जबाबदारी येते.

याच कायद्याचं २३ वं कलम घर नावावर करून देणाऱ्यांनी आधी वाचावं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. पण ती अट दस्तात लिहिलेली नसेल तर सिद्ध करताना दमछाक होते; सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२२ च्या एका निकालात अट असण्यावरच बोट ठेवलं. तेव्हा बक्षीसपत्राचा मसुदा तयार होताना 'देणाऱ्याच्या हयातीत त्याच्या राहण्या-खाण्याची आणि औषधपाण्याची सोय घेणाऱ्याने करायची' अशा अर्थाची ओळ त्यात घालायला सांगा. सही करायला आई-बाबांना नेणारा मुलगा तुम्ही स्वतः असाल, तरीही.